व्हायरसटोटल: आवई कोणती आणि धोका कोणता, हे ठरवताना ही मोफत सेवा कितपत कामाला येते

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा आणि बाबाजीपुरा या भागांत मराठी संस्थांची, सीएंची आणि छापखान्यांची जी लहान लहान कार्यालये आहेत, त्यांच्या संगणकांवर दोन तऱ्हेचे संदेश येऊन पडतात. पहिल्या तऱ्हेचा संदेश तीन-तीन उद्गारचिन्हे लावून बजावतो, की अमुक नावाचे ईमेल चुकूनही उघडू नका, उघडल्यास हार्ड डिस्क जळून जाईल, आणि ही सूचना आपल्या सर्व परिचितांना ताबडतोब पाठवा. दुसऱ्या तऱ्हेचा संदेश काहीच बजावत नाही. सोबतचे बिल पाहून घ्यावे, एवढीच नम्र विनंती त्यात असते. पहिला संदेश दुपारपर्यंत सगळ्या ओळखीपाळखीत फिरून पुन्हा आपल्याकडे येतो, आणि दुसऱ्यातले बिल कोणीतरी निमूटपणे उघडून मोकळा होतो. एका मराठी संस्थेचा पत्रव्यवहार माझ्याकडे असल्यामुळे या दोहोंची पारख करण्याचे काम बहुधा माझ्या वाट्याला येते, आणि त्यासाठी मी व्हायरसटोटल या मोफत संकेतस्थळाचा आधार घेतो. सेवा उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र तिला जो प्रश्न विचारता येतो, तो आपल्याला पडलेल्या प्रश्नाचा जेमतेम अर्धा भाग असतो, आणि हे ध्यानात न घेता तिचा निकाल वाचणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते.

व्हायरसटोटल 2004 साली स्पेनमधील हिस्पासेक सिस्तेमास या कंपनीने सुरू केले आणि 2012 मध्ये ते गूगलने विकत घेतले. ते स्वतः अँटिव्हायरस नाही. आपण दिलेली फाइल ते निरनिराळ्या कंपन्यांच्या सुमारे सत्तर तपासणी इंजिनांपुढे ठेवते आणि प्रत्येकाचे मत एका पानावर मांडून दाखवते. मुख्य पानावर फाइल चढवणे, लिंक डकवणे आणि शोध घेणे असे तीन पर्याय आहेत. फाइल 650 एमबीपर्यंत चालते. जीमेलने पाठवता येणारी जोडणी 25 एमबीच्या पुढे जात नसल्याने ही मर्यादा आपल्याला कधीच आडवी येत नाही. खाते उघडावे लागत नाही, पैसे द्यावे लागत नाहीत. निकालाच्या पानावर एका वर्तुळात किती इंजिनांनी फाइल घातक ठरवली तो आकडा येतो आणि खाली कंपनीवार यादी येते.

कोणतेही तपासणीचे साधन विश्वासाने वापरण्यापूर्वी ते मुळात चालते का, हे पाहून घ्यावे, या मताचा मी आहे. त्यासाठी युरोपातील आयकार या संस्थेची चाचणी फाइल सोयीची आहे. ती म्हणजे 68 अक्षरांची एक पूर्ण निरुपद्रवी ओळ असून, ती दिसताच धोक्याची सूचना द्यायची, असा अँटिव्हायरस कंपन्यांमध्ये संकेत आहे. ही फाइल व्हायरसटोटलवर चढवली, की यादीतील बहुतेक नावांपुढे लाल खूण उमटते. साधन जागे आहे हे त्यातून कळतेच. शिवाय लाल खूण म्हणजे इंजिनाने काहीतरी ओळखले इतकेच, तेथे धोका असेलच असे नाही, हेही त्याच प्रयोगात दिसून जाते.

निकाल वाचण्याची बाब जरा विस्ताराने सांगायला हवी, कारण बहुतेक लोकांचा गोंधळ येथेच होतो. पन्नास इंजिनांनी लाल खूण केली असेल, तर चर्चेचे कारण नाही. फाइल पुसून टाकावी. अडचण येते ती एक-दोन लाल खुणांची. फारशा परिचित नसलेल्या एखाद्या इंजिनाने मोघम नाव देऊन एखादी फाइल घातक ठरवली आणि बाकी सर्वांनी ती स्वच्छ ठरवली, तर तो बहुधा खोटा गजर असतो. जुन्या मराठी फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये नेणारी, कोणा हौशी माणसाने लिहिलेली छोटी प्रणाली अशा गजराला सहज बळी पडू शकते, कारण तिच्यावर कोणत्याही नामांकित कंपनीची डिजिटल सही नसते. उलट, त्या एक-दोन खुणा चांगल्या परिचित इंजिनांच्या असतील आणि फाइल आजच आलेली असेल, तर मी ती उघडत नाही. काही तासांनी तीच फाइल पुन्हा तपासतो. येथे एक बारकावा आहे. ती फाइल पूर्वी कोणी तपासलेली असेल, तर संकेतस्थळ आधी तो जुना निकाल दाखवते. तपासणीची तारीख पाहून फेरतपासणीचे बटण दाबले नाही, तर गेल्या महिन्याचे मत आजचे समजून आपण पुढे जातो.

सर्वांत फसवा निकाल शून्याचा. वर्तुळ हिरवे, यादीत एकही लाल खूण नाही. हे पाहून माणूस निर्धास्त होतो. पण रक्ततपासणीचा अहवाल जसा ज्या चाचण्या सांगितल्या होत्या त्यांच्यापुरताच बोलतो, तसा हा शून्यही आज या इंजिनांना ठाऊक असलेल्या गोष्टींपुरताच बोलतो. ईमेलमधून घातक फाइली पसरवणाऱ्या टोळ्या नेमक्या याच फटीतून शिरतात. इमोटेट हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे. 2014 मध्ये प्रथम आढळलेले हे बाधित संगणकांचे जाळे अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून जानेवारी 2021 मध्ये उखडले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा उभे राहिले. फाइलीचे बाह्यरूप सतत बदलत ठेवायचे, म्हणजे कालची ओळख आज चालत नाही, ही त्याची रीत होती. त्याहून घातक रीत म्हणजे, बाधित संगणकावरचा जुना पत्रव्यवहार चोरून त्याच धाग्यात उत्तर पाठवायचे. पाठवणारा ओळखीचा, विषय आपणच पूर्वी लिहिलेला, खाली आपलेच जुने पत्र, आणि वर ‘सोबतचे पाहावे’ अशी एक ओळ. ओळखीच्या माणसाकडून आले म्हणजे निर्धोक, हा आपल्याकडचा लाडका नियम तसाही 1999 च्या मेलिसा या व्हायरसपासूनच बाद झालेला आहे, कारण ती वर्डची फाइल आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल प्रणालीतील पत्त्यांच्या यादीतील पहिल्या पन्नास जणांना आपोआप जात असे.

दुसरी फट पासवर्ड घातलेल्या झिप फाइलीची. पासवर्ड पत्रातच लिहिलेला असतो. इंजिनांना तो ठाऊक नसल्याने ती कुलपाबाहेरच थांबतात आणि निकाल स्वच्छ येतो. बिलाची झिप आणि तिचा पासवर्ड एकाच पत्रात आले असतील, तर निकाल काहीही असो, मी पाठवणाऱ्याला फोन करतो. गोपनीयतेसाठी पासवर्ड घालणारा माणूस तो त्याच पाकिटात ठेवत नाही. तिसरी फट क्यूआर कोड असलेल्या पीडीएफची. फाइलीत घातक असे काही नसतेच, एक चित्र असते. धोका त्या चित्रातून उघडणाऱ्या पानावर असतो, आणि ते पान फोनवर उघडते, जेथे कार्यालयातील संगणकाचे संरक्षण पोहोचत नाही.

या सेवेचा एक कोपरा मात्र मला फार आवडतो, आणि तो बहुतेक लोक उघडूनही पाहत नाहीत. निकालाच्या तपशीलवार भागात फाइलीचा खरा प्रकार लिहिलेला असतो. मे 2000 मध्ये जगभर धुमाकूळ घालणाऱ्या आय लव्ह यू या किड्याची जोडणी ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’ अशा नावाची होती. विंडोज नावाचे शेवटचे शेपूट, म्हणजे फाइलीचा प्रकार सांगणारी अक्षरे, लपवत असल्याने लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली, प्रत्यक्षात ती चालणारी स्क्रिप्ट होती. आजही पीडीएफचे चिन्ह लावलेली ईएक्सई (विंडोजवर चालणाऱ्या प्रणालीची) फाइल किंवा आरटीओच्या चलनाचे आणि लग्नपत्रिकेचे नाव घेतलेली एपीके (अँड्रॉइड फोनवर चालणाऱ्या प्रणालीची) फाइल याच चलाखीवर चालते. बिल, पत्रिका, चलन यांपैकी कशालाही चालणारी प्रणाली असण्याचे कारण नाही. नाव बिलाचे आणि प्रकार प्रणालीचा, एवढे दिसले, की इंजिनांची मते वाचण्याचीही गरज उरत नाही. त्याच भागात ती फाइल व्हायरसटोटलकडे प्रथम कधी आली, ती तारीखही असते. एखाद्या प्रसिद्ध कंपनीची म्हणून आलेली इन्स्टॉलर फाइल जगात पहिल्यांदा आजच दिसली असेल, तर संशय घ्यावा. पण आपल्या एकट्याच्या नावाचे बिल पूर्वी कोणी पाहिलेले नसणे साहजिक आहे, तेथे या तारखेतून काही निष्पन्न होत नाही.

आता पहिल्या तऱ्हेच्या संदेशांकडे वळतो. सभासदांपैकी एक ज्येष्ठ काकू अशी सूचना आली, की मला म्हणतात, ‘अहो, हे तुमच्या त्या साइटवर घालून बघा ना.’ आणि तेथे घालण्यासारखे काही नसते. फाइल नाही, लिंक नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. आहे तो फक्त मजकूर. माझ्या दृष्टीने या सेवेचा आवयांच्या बाबतीतला उपयोग हाच आहे, की ती आपल्याला रिकाम्या हातांची जाणीव करून देते. घातक ईमेल ही वस्तू आहे. तिला जोडणी असते, लिंक असते, निदान पैसे किंवा माहिती मागणारा मजकूर असतो, आणि आपण तिच्या मागे काहीतरी तपासू शकतो. आवईत तपासण्याजोगे काहीच नसते, फक्त दुसऱ्या कोठल्यातरी वस्तूचे वर्णन असते, आणि ती वस्तू कोणीच पाहिलेली नसते.

हा साचा बराच जुना आहे. 1994 च्या अखेरीस अमेरिकेत ‘गुड टाइम्स’ नावाची सूचना पसरली. त्या शीर्षकाचे ईमेल वाचले, की संगणकाचा नाश होतो, असे ती सांगे, आणि पुराव्यादाखल अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचे नाव घेई. 2006 मधील ‘ऑलिंपिक टॉर्च’च्या आवईने सीएनएन, मायक्रोसॉफ्ट आणि मॅकॅफी ही अँटिव्हायरस कंपनी अशी तीन नावे एकदमच वापरली. सप्टेंबर 2023 मध्ये मोरोक्कोतील भूकंपानंतर ‘सिस्मिक वेव्ह्ज कार्ड’ या नावाने छायाचित्रे येतील आणि दहा सेकंदांत फोन हॅक होईल, अशी सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. बडोद्यातल्या गटांतही अशा सूचना कधी गुजरातीत, कधी मराठीत फिरत राहतात. ठेवण सगळ्यांची सारखीच असते: नाश पुरा, उपाय नाही, मोठ्या संस्थेचे नाव आहे पण तिच्या पत्रकाचा क्रमांक नाही, ‘काल’ हा शब्द आहे पण तारीख नाही, आणि शेवटी सर्वांना पाठवण्याची आज्ञा आहे.

निव्वळ आवईने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना मी 2002 सालचे अस्वलाचे उदाहरण देतो. ‘जेडीबीजीएमजीआर’ नावाची, छोट्या अस्वलाचे चिन्ह असलेली फाइल आपल्या संगणकावर सापडली, तर ती व्हायरस आहे, ती चौदा दिवस गप्प राहते, नॉर्टन किंवा मॅकॅफी तिला ओळखत नाहीत, तेव्हा ती ताबडतोब पुसा, असा तो संदेश होता. लोकांनी शोधले, अस्वल सापडले, आणि त्यांनी ते पुसले. ती विंडोजबरोबर येणारी, जावासाठी असलेली मायक्रोसॉफ्टचीच फाइल होती. त्याआधीच्या वर्षी ‘एसयूएलएफएनबीके’ या दुसऱ्या एका विंडोजच्या फाइलीबाबत हाच प्रकार झाला होता. या संदेशांतील धूर्त भाग म्हणजे ‘कोणताही अँटिव्हायरस हिला ओळखत नाही’ हे वाक्य, कारण तपासणीने फाइल स्वच्छ ठरवली, तरी वाचणाऱ्याला त्यातून संदेशाचीच पुष्टी मिळते. आज असा संदेश आला, तर मात्र व्हायरसटोटल उपयोगी पडते. ज्या फाइलीवर आरोप आहे ती आपल्या संगणकावर असतेच. ती चढवली, की तिच्यावर कोणाची डिजिटल सही आहे आणि ती कधीपासून जगात आहे हे दिसते, आणि विंडोजचा भाग असलेली फाइल पुसण्यापासून माणूस वाचतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ऐकायला अशक्य वाटते म्हणून सूचना खोटी, असा तर्क करू नये. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा वस्तीत मगरी शिरल्याचे बाहेरगावच्या नातेवाइकांना थापच वाटली असेल. बडोदेकरांनी त्या डोळ्यांनी पाहिल्या. संगणकाच्या क्षेत्रातही असेच घडले आहे. ‘गुड टाइम्स’च्या काळात नुसते ईमेल वाचून संगणक बाधित होणे शक्य नाही, असे तज्ज्ञ सांगत, आणि तेव्हा ते बरोबर होते. नोव्हेंबर 1999 मध्ये ‘बबलबॉय’ हा ईमेलमधून पसरणारा किडा आला आणि आउटलुकमध्ये कोणतीही जोडणी न उघडता, नुसते पत्र पाहूनही बाधा होऊ शकते, हे सिद्ध झाले. भूकंपाच्या छायाचित्रांची आवई ज्या सप्टेंबर 2023 मध्ये फिरली, त्याच महिन्यात चित्रांच्याच बाबतीत एक खरा धोका उघड झाला होता. वेबपी या प्रकारची चित्रे वाचणाऱ्या प्रणालीत दोष सापडला होता, खास घडवलेल्या चित्रातून त्याचा गैरफायदा घेतला जात होता, आणि गूगलने 11 सप्टेंबरला क्रोमची सुधारित आवृत्ती देऊन तो दुरुस्त केला. त्या दोषाला सीव्हीई-2023-4863 असा क्रमांक आहे. म्हणजे ‘चित्र पाहिल्याने उपकरण बाधित होते’ हे विधान एका अर्थाने खरे आणि दुसऱ्या अर्थाने आवई, असे दोन्ही एकाच महिन्यात आपल्यासमोर होते. दोहोंत फरक विधानाच्या स्वरूपाचा आहे. खऱ्या सूचनेत कोणती प्रणाली, कोणती आवृत्ती, दोषाचा क्रमांक आणि उपाय या चारही गोष्टी होत्या, आणि उपाय ‘क्रोम अद्ययावत करा’ असा साधा, इतरांना काहीही पाठवायला न सांगणारा होता. आपल्याकडे सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था अशाच सूचना काढते आणि तिच्या प्रत्येक सूचनेला ‘सीआयव्हीएन’ किंवा ‘सीआयएडी’ने सुरू होणारा, वर्षासहित क्रमांक असतो. तिचे नाव घेणाऱ्या संदेशात हा क्रमांक नसेल किंवा संस्थेच्या संकेतस्थळावर तो सापडत नसेल, तर मी तो संदेश पुढे जाऊ देत नाही. व्हायरसटोटल या कामी काही मदत करत नाही आणि तशी अपेक्षाही नाही.

आवई आणि धोका यांची सरमिसळ झालेला तिसरा प्रकार अलीकडे जास्त दिसतो. ‘तुमच्या संगणकात मी व्हायरस टाकला आहे, कॅमेऱ्यातून तुमचे चित्रण केले आहे, बिटकॉइनमध्ये रक्कम भरा’ असे पत्र येते आणि त्यात आपला खराखुरा जुना पासवर्ड लिहिलेला असतो. अशा पत्रात सहसा ना फाइल असते ना लिंक, त्यामुळे व्हायरसटोटल गप्प बसते. आणि गंमत म्हणजे या प्रसंगी ते गप्प बसणेच बरोबर असते, कारण व्हायरस नाहीच. पासवर्ड पूर्वी कोठल्यातरी संकेतस्थळावरून फुटलेल्या यादीतला असतो. आपला ईमेल पत्ता अशा कोणत्या याद्यांत आहे, हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या दुसऱ्या मोफत सेवेवर पाहता येते. तो पासवर्ड अजून कोठे चालू असेल, तर तो बदलावा. रक्कम देण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरा नमुना ब्राउझरमध्ये अचानक उघडणाऱ्या पानाचा. पडदाभर इशारा, कर्कश आवाज, आणि मायक्रोसॉफ्टच्या नावाने एक फोन नंबर. आपल्या कोणत्याही इशाऱ्यात फोन नंबर नसतो, असे मायक्रोसॉफ्टने स्वच्छ सांगितलेले आहे. येथे व्हायरसची सूचना खोटी असते आणि फोन उचलणारा माणूस हा खरा धोका असतो. त्या पानाची लिंक व्हायरसटोटलवर घालता येते आणि कधी कधी ती लालही निघते, पण टॅब बंद करणे हे त्याहून सोपे आणि पुरेसे आहे.

गोपनीयता हा या सेवेचा सर्वांत गंभीर मुद्दा. येथे चढवलेली फाइल आपल्यापुरती राहत नाही. ती अँटिव्हायरस कंपन्यांना दिली जाते आणि पैसे भरणारे सदस्य ती उतरवून घेऊ शकतात. सेवा मोफत असण्याचे कारणही हेच आहे, आणि ते तिच्या अटींत लिहिलेले आहे. पण घाईत अटी वाचतो कोण? सभासदांची यादी, कोणाचे पॅन कार्ड, ताळेबंद, मृत्युपत्राचा मसुदा, यांपैकी काहीही असलेली फाइल केवळ शंका आली म्हणून येथे चढवणे म्हणजे ती चव्हाट्यावर मांडणे होय. जर्मनीच्या सायबर सुरक्षा कार्यालयाने मार्च 2022 मध्ये याच कारणासाठी संस्थांना सावध केले होते. जून 2023 च्या अखेरीस तर व्हायरसटोटलच्याच एका कर्मचाऱ्याकडून सुमारे 5,600 ग्राहकांची नावे असलेली फाइल चुकून तेथे चढवली गेली आणि जुलैमध्ये कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. घरच्या माणसाकडून असे होऊ शकते, तेथे आपल्यासारख्यांनी दोनदा विचार करावा, हे उत्तम.

यावर एक तोडगा आहे आणि तो थोडा तांत्रिक असला, तरी शिकून घेण्यासारखा आहे. फाइल न चढवता तिची हॅश, म्हणजे तिच्यातील मजकुरावरून गणिताने काढलेली 64 अक्षरांची ओळख, शोधाच्या रकान्यात घालता येते. विंडोजच्या पॉवरशेल या लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत गेट-फाइलहॅश ही आज्ञा देऊन, फाइल न उघडता, ती काढता येते. ती फाइल पूर्वी कोणी तपासली असेल, तर निकाल समोर येतो, आणि आपली फाइल मात्र आपल्याच संगणकावर राहते. काहीच सापडले नाही, तर ती अजून कोणी तपासलेली नाही इतकाच अर्थ. ती निर्धोक आहे असा नव्हे. लिंक डकवतानाही हीच काळजी घ्यावी. पासवर्ड बदलण्याची किंवा एखाद्या खाजगी कागदपत्राची लिंक आपल्याला उद्देशून बनवलेली असते, आणि ती तेथे टाकली, की इतरांनाही दिसू शकते.

ज्या ईमेलमध्ये फाइलही नाही आणि लिंकही नाही, पण ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम खालील खात्यात भरावी’ असा शांत मजकूर आहे, त्यापुढे ही सेवा पूर्ण निरुपयोगी ठरते, आणि माझ्या मते लहान कार्यालयांचे सर्वांत मोठे नुकसान अशाच पत्रांतून होऊ शकते. तेथे जीमेलमधील सोय पाहावी. संगणकावर पत्र उघडून तीन टिंबांच्या मेनूतून मूळ संदेश दाखवण्याचा पर्याय निवडला, की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्यांचे निकाल वरच लिहिलेले सापडतात. पत्र ज्या डोमेनचे, म्हणजे पत्त्यातील ‘@’ नंतरच्या नावाचे, म्हणवते तेथूनच ते निघाले का, एवढे त्यातून कळते. ठकाने एका अक्षराचा फरक करून स्वतःचे डोमेन घेतले असेल, तर तिन्ही तपासण्या बिनचूक उतरतात, म्हणून पत्त्यातील ‘@’ चिन्हापुढचे अक्षर न् अक्षर वाचण्याला पर्याय नाही. बँकांच्या संकेतस्थळांपुरते हे काम आता थोडे सोपे झाले आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये सर्व बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपले डोमेन ‘डॉट बँक डॉट इन’वर नेण्यास सांगितले, आणि या शेवटाचे नाव बँकेखेरीज इतरांना मिळत नाही. खाते बदलल्याच्या पत्रावर मात्र आमच्या कार्यालयात एकच रीत आहे: जुन्या वहीत लिहिलेल्या नंबरवर फोन करून विचारायचे, पत्रातल्या नंबरवर कधीच नाही.

वापरण्याच्या सोयीविषयी थोडक्यात. मी वापरतो ते पान इंग्रजीत आहे आणि त्याची भाषा सुरक्षेच्या व्यवसायातील लोकांसाठी आहे. वर्तुळातला आकडा कोणालाही कळतो, पण त्याखालील ट्रोजन, हेउरिस्टिक, जेनेरिक हे शब्द पाहून आमचे बहुतेक सभासद घाबरतात, आणि घाबरलेला माणूस निकाल वाचत नाही. त्यामुळे प्रत्येकाने ही सेवा स्वतः वापरावी, असा आग्रह मी धरत नाही. कार्यालयात पत्रे उघडणाऱ्या एका व्यक्तीने ती नीट शिकून घ्यावी आणि इतरांनी शंका आली, की पत्र न उघडता त्या व्यक्तीला सांगावे, ही व्यवस्था आमच्याकडे चालते. घरातल्या वापरासाठी, विशेषतः फोनवर आलेली एपीके आणि अनोळखी लिंक तपासण्यासाठी, मी तिची निःसंकोच शिफारस करेन. संगणकावर अँटिव्हायरस असलेल्यांनी तो काढून हिच्यावर विसंबू नये. ही सेवा मागितल्याशिवाय काही तपासत नाही आणि चालू झालेला हल्ला थांबवत नाही.

फाइल उघडून झाल्यावर किंवा पैसे गेल्यावर व्हायरसटोटलकडे धाव घेण्यात अर्थ नाही. संगणकाची इंटरनेटची वायर काढावी किंवा वायफाय बंद करावे, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलावेत, आणि रक्कम गेली असल्यास 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ते रोखता येण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांतच असते. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते. ते मूळ ईमेल मात्र पुसू नये. पोलिसांना त्याचे हेडर, म्हणजे ते कोठून कसे आले याची पत्रातच असलेली नोंद, लागते, आणि फॉरवर्ड केलेल्या प्रतीत ते राहत नाही.